फादरसमोर हिशेबाचा प्रश्न कसा काढू?

पत्र

सप्रेम सलाम. माझं माहेर अहिल्यानगरचं, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतलं. लग्नानंतर न्यू जर्सीला आले. जवळपास मराठी मंडळी नव्हती, म्हणून घराजवळच्या एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या (अँग्लिकन) परंपरेतल्या अमेरिकी चर्चमध्ये जाऊ लागलो आणि तिथेच रमलो. यंदा जानेवारीतल्या वार्षिक सभेत मला व्हेस्ट्रीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून दिलं. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्याच बैठकीत पॅरिश हॉलच्या गळक्या छपराचा विषय निघाला. मंडळीतल्या एक वृद्ध बाई मृत्युपत्रात गायकवृंदासाठी पैसे ठेवून गेल्या आहेत. त्यातून आत्ता छप्पर करून घेऊ, पुढे जमेल तसे भरून काढू, असं ठरलं. फादरनी मान डोलावली, सगळ्यांचे हात वर झाले, माझाही झाला. तेव्हापासून मनाला चैन नाही. पण आमच्याकडे पाळकसाहेबांसमोर उलट बोलायची रीत नाही. शिवाय मी नवी, त्यात बाहेरची. एक तरी भारतीय चेहरा हवा म्हणूनच मला घेतलं असावं, असंही वाटतं.

भरीत भर म्हणजे एक सदस्य फोन करून सांगतात, या फादरना घालवायला हवं, तुम्ही आमच्या बाजूने राहा. दुसरे एक गृहस्थ उपासनेनंतर कॉफीच्या वेळी गाठतात आणि म्हणतात, सकाळी आठच्या उपासनेत गिटार नको असा व्हेस्ट्रीत ठराव करा. आणि सीनिअर वॉर्डन (व्हेस्ट्रीचे प्रमुख पदाधिकारी) विचारताहेत, खजिनदार व्हाल का? यजमान म्हणतात, राजीनामा दे, उगाच अंगाशी येईल. मी काय करू?

— एक बहीण, न्यू जर्सी

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. राजीनामा देऊ नका. छपराच्या पैशांचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा काढा आणि तोवर त्या निधीतून चेक निघणार नाही एवढं आजच पाहा. बाकीचं उत्तर सवडीने वाचलं तरी चालेल, पण एकदा ठेकेदाराच्या हातात पैसे पडले की ते परत आणणं फार जड जातं.

पाळकसाहेबांसमोर उलट न बोलण्याची रीत मला चांगली ठाऊक आहे. ते घरी आले की पोरांनी पुढे येऊन सलाम करायचा, ते बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. या रीतीत माया आहे आणि ती तुम्ही टाकावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमच्या माहेरच्या मंडळीत पाळक आणि मंडळी यांचं नातं ज्या व्यवस्थेवर उभं आहे, ती व्यवस्था इथे नाही. सीएनआयमध्ये पाळकांची नेमणूक आणि बदली डायोसीस, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत, करतं. पास्टोरेट कमिटीला, म्हणजे मंडळीच्या समितीला, कामं भरपूर असतात, पण पाळक कोण येणार हे सहसा ती ठरवत नाही. एपिस्कोपल चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्वतःचा खर्च स्वतः भागवणाऱ्या मंडळीत, रेक्टरला, म्हणजे मुख्य पाळकांना, बोलावते ती व्हेस्ट्री. जागा रिकामी झाली की शोधसमिती नेमली जाते, नावं पुढे येतात, ती बिशपांकडे पाठवली जातात. त्यावर आपलं म्हणणं कळवायला बिशपांना जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि मग व्हेस्ट्री मतदान करून रेक्टर निवडते. पगार, घर, रजा हे सगळं करारपत्रात लिहिलेलं असतं. तुमचे फादर आज त्या वेदीपाशी उभे आहेत, कारण तुमच्याआधी त्या टेबलाभोवती बसलेल्या साध्यासुध्या माणसांनी त्यांना या म्हटलं. (जी मंडळी स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकत नाही, तिला बहुधा ‘मिशन’ म्हणतात आणि तिथे बिशप आपल्या वतीने एक पाळक, व्हिकर, नेमतात. तिथली गोष्ट वेगळी. तुमच्याकडे व्हेस्ट्री आणि रेक्टर आहेत, म्हणजे तुमचं पॅरिश आहे.)

हा अधिकार सामान्य माणसांकडे आला कसा, हे थोडक्यात सांगते, कारण ते कळल्यावर तुमची भीड बरीच कमी होईल. वसाहतींच्या काळात अमेरिकेत एकही अँग्लिकन बिशप नव्हता. कारभार कागदोपत्री लंडनच्या बिशपांकडे होता आणि लंडन महासागरापलीकडे. त्यामुळे व्हर्जिनियासारख्या ठिकाणी चर्च बांधणं, पाळक ठेवणं, गरिबांना मदत देणं ही कामं व्हेस्ट्रीच करत असे. जॉर्ज वॉशिंग्टन ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर होते, ते याच पद्धतीतून. स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी आणि चर्चशी नातं तुटलं, तेव्हा फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चचे रेक्टर विल्यम व्हाइट यांनी १७८२ मध्ये एक पुस्तिका लिहून मांडलं की नव्या चर्चच्या कारभारात पाळकांबरोबर सामान्य सभासदांनाही स्थान हवं. १७८५ मध्ये फिलाडेल्फियातच पहिली जनरल कन्व्हेन्शन, म्हणजे सगळ्या चर्चची सर्वोच्च सभा, भरली आणि १७८९ मध्ये घटना मंजूर झाली. आजही ही कन्व्हेन्शन साधारण दर तीन वर्षांनी भरते. तिची दोन सभागृहं आहेत. एकात बिशप बसतात. दुसऱ्यात प्रत्येक डायोसीसचे जास्तीत जास्त चार पाळक आणि तितकेच सामान्य सभासद. कुठलाही कायदा दोन्ही सभागृहांनी मान्य केल्याशिवाय होत नाही. तुमची व्हेस्ट्री ही त्या सगळ्या रचनेची सर्वांत खालची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण पैसा प्रत्यक्ष जमा होतो आणि खर्च होतो तो तिथे.

आता बाहेरची असण्याबद्दल. ज्या जुन्या व्हेस्ट्र्यांची गोष्ट मी सांगितली, त्यांवर जमीनदार पुरुष बसत आणि त्यातले कितीतरी गुलाममालक होते. फिलाडेल्फियात अॅब्सलम जोन्स यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं सेंट थॉमस हे कृष्णवर्णीयांचं चर्च १७९४ मध्ये डायोसीसमध्ये घेतलं गेलं, पण डायोसीसच्या सभेत त्यांना जागा नाही या अटीवर. ती अट १८६० च्या दशकापर्यंत टिकली. बायकांचंही तेच. १९४६ मध्ये मिसूरीहून एलिझाबेथ डायर निवडून आल्या आणि त्यांना कन्व्हेन्शनमध्ये बसू दिलं. पुढच्याच, १९४९ च्या कन्व्हेन्शनमध्ये निवडून आलेल्या चार बायकांना मात्र दारातूनच परत पाठवलं. बायकांना हक्काने बसता आलं ते १९७० मध्ये, ह्यूस्टनच्या कन्व्हेन्शनमध्ये. आणि १९९१ मध्ये पामेला चिनिस या दुसऱ्या सभागृहाच्या अध्यक्ष झाल्या, पाळक नसलेल्या, साध्या सभासद.

तेव्हा तुम्हाला कुठल्या हेतूने निवडलं याचा विचार आता सोडून द्या. मत देणाऱ्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी तुमचं मत काही अर्धं होत नाही. त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये उघडा, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती, म्हणून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचून पाहा: स्तेफन, फिलिप आणि पुढचे सगळे, नावं ग्रीकच. शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. ज्यांची आबाळ झाली त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं आणि मंडळीने ते आनंदाने मान्य केलं. बाहेरून आलेल्या माणसाला हिशेब नेमका दिसतो, कारण त्याला ‘इथे असंच चालतं’ हे अजून पाठ झालेलं नसतं. त्या रात्री छपराच्या ठरावात काहीतरी चुकतंय हे इतक्या जणांत तुम्हाला जाणवलं, ते उगाच नाही.

आणि चुकतंय हे खरंच आहे. त्या बाईंनी पैसे गायकवृंदासाठी ठेवले. देणगीदाराने कामासाठी नेमून दिलेला पैसा पॅरिशचा असला, तरी तो पॅरिशने त्याच कामासाठी सांभाळायचा असतो. व्हेस्ट्रीला तो हात वर करून दुसरीकडे वळवता येत नाही. ‘उसने घेतो, भरून काढू’ म्हटल्यानेही फार फरक पडत नाही, विशेषतः कधी, किती आणि कुठल्या पैशातून भरणार हे लिहिलेलंच नसेल तेव्हा. मृत व्यक्तीची अट सैल करायची तर राज्याच्या कायद्याने ठरवलेला मार्ग असतो आणि तो वकिलाच्या सल्ल्याने जातो. हे तुमच्या फादरना ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. छपरातून पाणी गळत असताना, बादल्या मांडून रविवारची शाळा चालवताना माणसं घाईला येतात. चांगली माणसंसुद्धा.

म्हणून करायचं काय, तर सर्वांत आधी कागद मागा. मृत्युपत्रातल्या त्या कलमाची प्रत किंवा देणगीबरोबर आलेलं पत्र पॅरिशच्या कार्यालयात असायलाच हवं. नेमके शब्द वाचा. ‘गायकवृंदासाठी’ असं आहे, की ‘शक्यतो गायकवृंदासाठी’, की ‘व्हेस्ट्रीला योग्य वाटेल तसं’? या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिसरं निघालं तर तुमची काळजी तिथेच मिटली आणि मागच्या ठरावाला हरकत उरली नाही. पहिलं निघालं तर तोच कागद बैठकीत तुमच्या वतीने बोलेल, तुम्हाला आवाज चढवावा लागणार नाही.

मग बैठकीच्या आधी फादरना आणि सीनिअर वॉर्डनना फोन करा. हे मी मुद्दाम सांगते. बैठकीत अचानक विषय काढून कुणाला कोंडीत पकडू नये. त्यातून प्रश्न बाजूला राहतो आणि माणसं दुखावतात. फोनवर असं काहीसं म्हणता येईल: “फादर, मागच्या बैठकीत मी हो म्हटलं, पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं की त्या निधीवरची अट आपण पाहिलीच नाही. मृत्युपत्राची प्रत मला मिळेल का? आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्याल का? तोवर पैसे न दिलेले बरे.” यात कुठेही उद्धटपणा नाही. उद्या एखादा नातेवाईक वकील घेऊन दारात आला तर पहिला त्रास फादरनाच होणार आहे, तेव्हा हा फोन त्यांच्याही भल्याचा आहे.

तुम्ही स्वतः बाजूने हात वर केला होता म्हणून आता बोलायचा हक्क गेला, असं मनात आणू नका. मागच्या बैठकीतला ठराव रद्द करण्याची किंवा बदलण्याची सूचना सभाशास्त्राप्रमाणे कुठलाही सदस्य पुढच्या बैठकीत मांडू शकतो, फक्त त्यावर अंमल होऊन गेलेला नसावा. सूचना मांडा, अनुमोदन मिळतंय का पाहा, मतदान होऊ द्या. हरलात तर क्लार्कला, म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्याला, सांगून तुमचं विरोधी मत इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या. आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजुरीला येईल तेव्हा शब्दन् शब्द वाचा. त्यात ‘गायकवृंद निधीतून’ असं आहे की नुसतंच ‘उपलब्ध निधीतून’?

नुसता विरोध करून परत येऊ नका मात्र. छप्पर गळतंय हे तर खरंच आहे. बैठकीला जाताना दुसरा रस्ता घेऊन जा. वादळाने नुकसान झालं असेल तर विमा कंपनीकडे दावा केला आहे का? पॅरिशच्या खात्यात कुठलीही अट नसलेली शिल्लक किती? डायोसीसकडे इमारतींसाठी कर्ज किंवा अनुदान मिळतं का? अनेक डायोसीसमध्ये तशी सोय असते. मंडळीपुढे रविवारी उभं राहून छपरासाठी वेगळी देणगी मागितली तर? माझा अनुभव असा आहे की खरी गरज उघडपणे सांगितली की लोक देतात. झाकून केलेल्या जुळवाजुळवीचा वास आला की हात आखडतात. हे काम मुळात ज्युनिअर वॉर्डनचं आहे, बहुतेक पॅरिशमध्ये इमारतीची देखभाल त्यांच्याकडे असते. तेव्हा त्यांना बरोबर घेऊनच हे करा.

गिटारवाल्या गृहस्थांचं उत्तर सोपं आहे. उपासना कशी चालवायची, कुठली गीतं, कुठली वाद्यं, हा रेक्टरांचा प्रांत आहे. एपिस्कोपल चर्चचे नियम, ज्यांना कॅनन म्हणतात, ते याबाबतीत स्पष्ट आहेत: संगीताबद्दलचा शेवटचा शब्द पाळकांचा, जाणकारांची मदत त्यांनी घ्यावी. व्हेस्ट्रीने यावर ठराव करणं म्हणजे आपली हद्द ओलांडणं. त्यांना प्रेमाने सांगा, “हे तुम्ही फादरशीच बोला, मी हवं तर बरोबर येते.” आठच्या उपासनेला येणारी माणसं बहुधा वयाने मोठी असतात. जुन्या भाषेतली, गाण्याविना शांत उपासना त्यांना कित्येक वर्षांच्या सवयीची असते आणि ती हरवते आहे असं वाटलं की ती हवालदिल होतात. त्यांचं ऐकून घ्या. ऐकून घेतलं म्हणजे ठरावाचं वचन दिलं असं होत नाही.

कॅननमधली दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पॅरिशची मालमत्ता आणि पॅरिशचे पाळकांशी असलेले व्यवहार याबाबतीत व्हेस्ट्री ही पॅरिशची कायदेशीर प्रतिनिधी आहे. बैठकीच्या अध्यक्षस्थानी रेक्टर असतात किंवा ते नेमतील तो सदस्य. इमारत विकायची किंवा गहाण टाकायची तर व्हेस्ट्री आणि रेक्टर एकमताचे असले तरी पुरत नाही, बिशप आणि डायोसीसची स्टँडिंग कमिटी (बिशपांची सल्लागार समिती) यांची संमती लागते. आपल्याकडच्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं. तिथे चेअरमन पटला नाही तर पुढच्या निवडणुकीत पाडता येतो. इथे तसं नाही, आणि त्यावरूनच त्या फोन करणाऱ्या सदस्यांकडे वळते.

रेक्टरला बोलावण्याचा अधिकार व्हेस्ट्रीला आहे, घालवण्याचा नाही. त्यांच्या इच्छेविरुद्ध व्हेस्ट्री त्यांना काढू शकत नाही. तसंच रेक्टरही व्हेस्ट्रीच्या संमतीवाचून राजीनामा देऊन मोकळे होऊ शकत नाहीत. दोघांचं अगदीच पटेनासं झालं तर प्रकरण बिशपांकडे जातं, आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि नंतरची प्रक्रिया कॅननमध्ये पायरी पायरीने लिहिलेली आहे. फोनवर गट बांधणं त्या प्रक्रियेत कुठेच बसत नाही. मी पाहिलेल्या मंडळ्यांमध्ये सर्वांत खोल जखमा झाल्या त्या अशाच फोनांनी. भांडण उघड असतं तर मिटलं असतं. इथे कोण कुणाच्या बाजूने हेच कुणाला कळेनासं झालं, आणि कुटुंबंच्या कुटुंबं गुपचूप यायची बंद झाली.

त्यांना एवढंच सांगा: “तुमची तक्रार काय आहे ती फादरसमोर किंवा बैठकीत मांडा, मी लक्ष देऊन ऐकेन. फोनवर मी कुणाच्याच बाजूची नाही.” ते पुन्हा फोन करतील. हेच पुन्हा सांगा.

याला एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. तक्रार पैशांच्या अफरातफरीची असेल, लैंगिक गैरवर्तनाची असेल, मुलाबाळांच्या किंवा दुबळ्या माणसांच्या सुरक्षिततेची असेल, तर ती व्हेस्ट्रीत चर्चेला आणू नका आणि स्वतः चौकशीही करू नका. प्रत्येक डायोसीसमध्ये अशा तक्रारी घेणारा इनटेक ऑफिसर असतो, थेट त्यांच्याकडे जा. आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर आधी पोलीस. फोन करणाऱ्यांच्या बोलण्यात असं काही आहे का, हे त्यांना एकदा स्पष्टपणे विचाराच. नुसतं ‘प्रवचन लांबतं, आजाऱ्यांना भेटत नाहीत’ एवढंच असेल, तर ते बसून बोलण्याचे विषय आहेत. वर्षातून एकदा रेक्टर आणि व्हेस्ट्रीने मिळून एकमेकांच्या कामाचा आढावा घ्यावा अशी चांगली पद्धत अनेक पॅरिशमध्ये आहे. तुमच्याकडे नसेल तर तुम्हीच सुचवा.

राहिला खजिनदारीचा प्रश्न, आणि त्यातच यजमानांच्या काळजीचं उत्तर आहे. त्यांची काळजी रास्त आहे. विनामोबदला काम करणाऱ्यांना कायद्याचं बरंच संरक्षण असतं आणि पॅरिशने व्हेस्ट्रीसाठी वेगळा विमाही घेतलेला असावा, तो आहे का हे विचारून घ्या. पण कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारकडे भरला गेला नाही, तर चेकवर सही करणाऱ्याला तो स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. खजिनदार चेकवर सही करतो, म्हणून त्याची जबाबदारी इतर सदस्यांपेक्षा जड. होय म्हणण्याआधी मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल मागा. कॅननप्रमाणे दरवर्षी ऑडिट व्हायलाच हवं आणि त्याचा अहवाल १ सप्टेंबरपर्यंत बिशपांकडे जायला हवा. ‘दोनतीन वर्षं राहून गेलंय’ असं उत्तर आलं तर ते आधी करून घ्या, मग जबाबदारी घ्या.

तुम्ही हिशेबातल्या आहात, तेव्हा ताळेबंद मी शिकवायला नको. पण चर्चच्या हिशेबात काही गोष्टी बाहेर कुठे भेटत नाहीत. रेक्टरांच्या घरभत्त्याचंच घ्या. त्यावर आयकराची सवलत मिळायची तर तो किती हे व्हेस्ट्रीने आधी ठराव करून ठरवावं लागतं. मागच्या तारखेपासून तो लावता येत नाही. म्हणून डिसेंबरच्या बैठकीत हा ठराव झाला की नाही हे खजिनदाराने डोळ्यांत तेल घालून पाहायचं. चुकलं तर नुकसान पाळकांच्या घरचं. पाळकांच्या पेन्शनसाठी त्यांच्या मोबदल्याच्या १८ टक्के रक्कम पॅरिश भरतं, तीही वेळेवर गेली पाहिजे. रेक्टरांकडे गरजूंना मदत करण्यासाठी वेगळा निधी असतो. त्यातून कुणाला किती दिलं ही नावं व्हेस्ट्रीत वाचून दाखवायची नसतात, अडचणीतल्या माणसाची अब्रू सांभाळायची असते. पण ते खातं ऑडिटमधून सुटत नाही, सुटू देऊ नका. रविवारचं दान दोन माणसांनी मिळून मोजावं, ती एका घरातली नसावीत आणि त्यात खजिनदार नसावा. बँकेचं स्टेटमेंट तुमच्याशिवाय आणखी एकाने दर महिन्याला पाहावं. हे नियम कुणावर संशय म्हणून नाहीत. उद्या पन्नास डॉलर कमी भरले तर बोट तुमच्याकडे दाखवायला कुणाला जागा राहू नये, म्हणून आहेत.

आणि नेमून दिलेल्या प्रत्येक निधीची एका पानावर यादी करा: कुणी दिला, कधी दिला, कशासाठी, अट कुठल्या कागदावर आहे, आज शिल्लक किती. अशी यादी तुमच्या पॅरिशमध्ये तयार असती तर छपराच्या रात्री ती टेबलावर आली असती आणि हात वर करण्याआधीच कुणीतरी थांबवलं असतं.

माझं मत विचाराल तर खजिनदारी घ्या. तुमच्यासारखं माणूस त्या जागी असणं ही त्या मंडळीची मोठी गरज आहे. पण गायकवृंदाच्या निधीचा निकाल लागेपर्यंत होकार कळवू नका. त्याआधी पद घेतलंत आणि ठराव तसाच राहिला, तर त्या चेकवर पहिली सही तुमची असेल. सीनिअर वॉर्डनना हे कारण मोकळेपणाने सांगा. चांगले वॉर्डन असतील तर त्यांना ते लगेच पटेल.

यजमानांना माझा सलाम सांगा. पुढच्या वार्षिक सभेला त्यांनाही घेऊन जा. अर्थसंकल्प आणि वर्षाचा हिशेब तिथे सगळ्या सभासदांपुढे ठेवतात, प्रश्न कुणालाही विचारता येतात, आणि त्यांच्या मनात प्रश्न पुष्कळ आहेत असं दिसतं.

तुमची बहीण